उमेदीच्या आधीचं पाऊल



नैराश्यानं ग्रासलेल्या माणसाच्या घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'तू काही करू नकोस, नुसता पडून राहा, बरं वाटलं की बघू.' आणि दुसरं, 'अरे, ऊठ की जरा! बाहेर पड, चार माणसांत मिसळ.' सुरुवातीला आई पहिलं वाक्य बोलते आणि वडील दुसरं. महिना-दोन महिने गेले, घर थकलं, की वाक्यांची अदलाबदल होते. दोन्ही वाक्यं मायेपोटीच येतात. पहिल्यानं माणूस आणखी खोल जातो. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ज्या रीतीनं ते बोललं जातं, त्या रीतीनं त्याचा उपयोग जवळजवळ कधीच होत नाही. आज मी ज्या उपचाराबद्दल बोलणार आहे, तो या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत काम करतो. इंग्रजीत त्याचं नाव बिहेविअरल अ‍ॅक्टिवेशन. आपण त्याला वर्तन-सक्रियता म्हणू आणि नावापाशी न थांबता पुढे जाऊ.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. हे कुणा एका माणसाचं नाही. माझ्यासमोर बसलेल्या पुष्कळांना एकत्र करून मी ते रेखाटतो आहे. बावन्न-त्रेपन्न वर्षांचे गृहस्थ. कारखाना बंद पडला, नोकरी गेली. पहिल्या आठवड्यात सकाळचं फिरणं थांबलं, कारण वाटेत कुणीतरी 'सध्या काय चाललंय?' असं विचारणार. मग मंडईत जाणं थांबलं. भजनी मंडळात ते पेटी वाजवायचे. दोन गुरुवार गेले नाहीत, तिसऱ्या गुरुवारी मंडळातल्या मित्राचा फोन आला. त्यांनी तो वाजू दिला. वाजायचा थांबला, आणि त्यांना हलकं वाटलं.

या हलकं वाटण्याकडे नीट पाहा, आजाराची पकड तिथे आहे. फोन टाळला, क्षणभर सुटका झाली. सुटका झाली म्हणून पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं झालं. पण त्या फोनच्या पलीकडे पेटी होती, मित्र होते, 'आज तुम्ही छान साथ केलीत' असं म्हणणारं कुणीतरी होतं. दर वेळी टाळण्याबरोबर तेही आयुष्यातून वजा होत गेलं. जगण्याला चव देणाऱ्या गोष्टी एकेक करून गेल्या, मन अधिक उदास झालं, उदास मनाला काहीच करावंसं वाटेना, म्हणून आणखी गोष्टी गेल्या. या गृहस्थांना आळशी म्हणणारा माणूस त्यांच्यावर अन्याय करतो. ते रोज, दर तासाला, वेदनेपासून स्वतःला वाचवण्याचं काम करत आहेत. फक्त त्या बचावाची किंमत फार मोठी आहे.

हा विचार पद्धतशीरपणे मांडला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फर्स्टर यांनी, १९७३ साली. बी. एफ. स्किनर यांच्याबरोबर वर्तनाच्या नियमांवर काम केलेला हा माणूस. त्यांचं म्हणणं असं, की निराश माणसाच्या डोक्यात काय चाललं आहे हे विचारण्याआधी, तो दिवसभर काय करतो आणि ते केल्यावर त्याला जगाकडून काय मिळतं, हे पाहा. साधारण त्याच काळात ओरेगन विद्यापीठात पीटर लेविन्सन हेच दुसऱ्या बाजूनं शोधत होते. माणसांना सुखावणाऱ्या घटनांची ३२० कलमांची एक यादी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं तयार केली. त्यातल्या किती गोष्टी गेल्या महिन्यात तुमच्या वाट्याला आल्या आणि त्या किती आवडल्या, असं ते विचारत. ज्यांच्या वाट्याला त्या कमी आल्या होत्या, त्यांचं मनही खचलेलं दिसे.

फर्स्टर यांच्या मांडणीतला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो मागे पडतो. एखादा माणूस भरपूर कामं करत असूनही नैराश्यात असू शकतो, कारण त्याची सगळी कामं काहीतरी वाईट टाळण्यासाठी होत असतात. आपल्याकडे हे चित्र शोधायला लांब जावं लागत नाही. पहाटे पाचला उठून पाणी भरणारी, डबे करणारी, सासूबाईंची औषधं सांभाळणारी, रात्री ओटा पुसून सर्वांत शेवटी आडवी होणारी बाई घ्या. तिला 'कामात मन गुंतव' म्हणून सांगणं क्रूर आहे. तिचं प्रत्येक काम बोलणी बसू नयेत म्हणून होतं. झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, राहिलं तर सगळ्यांच्या येतं. तिच्या दिवसात काम खूप आहे आणि तिचं स्वतःचं असं काहीच नाही. तिच्या बाबतीत सक्रियता म्हणजे कामात एकाची भर घालणं नव्हे. कधी ती एक काम सोडून द्यायला शिकणं असतं, कधी शेजारणीबरोबर दहा मिनिटं उंबऱ्यात बसणं, कधी नवऱ्याला 'आज डबा तू भर' म्हणणं. तिच्यासाठी यातलं सगळ्यात अवघड पाऊल बहुधा हेच शेवटचं.

महाराष्ट्राला मानसोपचाराची एक परंपरा चांगली ठाऊक आहे. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे रुजवली. माणूस दुःखी होतो तो घटनेमुळे कमी आणि घटनेबद्दलच्या आपल्या विचारांमुळे अधिक, हे मराठी वाचकाला त्यांच्यामुळे परिचित झालं. तिकडे ॲरन बेक यांनी नैराश्यावरच्या विचारांच्या उपचाराचं पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातही दिवसाची आखणी करणं, रोजच्या कामांची नोंद ठेवणं हे होतंच. पण ती पूर्वतयारी मानली जाई. खरा उपचार म्हणजे चुकीचे विचार शोधून ते बदलणं, अशी समजूत होती.

या समजुतीची परीक्षा घ्यायचं सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नील जेकबसन यांनी ठरवलं. त्यांनी नैराश्याच्या १५० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला बेक यांचा पूर्ण उपचार दिला. दुसऱ्याला दिवसाच्या आखणीबरोबर मनात आपोआप येणारे विचार तपासायला शिकवलं, पण खोलवरच्या धारणांना हात लावला नाही. तिसऱ्या गटाला फक्त वर्तनाचा भाग दिला. उपचार करणारे सगळे विचार-उपचारात मुरलेले आणि त्यावर श्रद्धा असणारे होते, म्हणजे कौल पूर्ण उपचाराकडे झुकण्याचीच शक्यता अधिक. १९९६ मध्ये निष्कर्ष आला. तिन्ही गट सारखेच सुधारले होते आणि सहा महिन्यांनंतरही त्यांच्यात फरक दिसला नाही. ज्या भागाला पूर्वतयारी समजत होते, तो एकटाही पुरेसा ठरत होता.

जेकबसन १९९९ मध्ये अकाली गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा मोठा प्रयोग पूर्ण केला. त्यात २४१ रुग्ण होते आणि वर्तन-सक्रियता, विचार-उपचार, नैराश्याचं औषध आणि औषधासारखी दिसणारी रिकामी गोळी यांची तुलना होती. २००६ मध्ये सोना दिमिजियन आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. ज्यांचं नैराश्य तीव्र होतं, त्यांच्यात वर्तन-सक्रियता औषधाच्या बरोबरीनं उतरली आणि विचार-उपचारापेक्षा सरस ठरली. एका प्रयोगावरून विचार-उपचाराला कमी लेखू नये. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ४४० रुग्णांच्या प्रयोगात दोन्ही उपचार परिणामात सारखे निघाले. पण तिथे वर्तन-सक्रियता देणारे कनिष्ठ श्रेणीचे आरोग्य कर्मचारी होते आणि विचार-उपचार देणारे पूर्ण प्रशिक्षित मानसोपचारक. परिणाम सारखा आणि खर्च कमी. आपल्यासारख्या देशाच्या दृष्टीनं या वाक्याचं मोल फार आहे. त्याकडे मी येतोच.

आधी हा उपचार प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगतो.

पहिल्या आठवड्यात काही बदलायचं नसतं, फक्त पाहायचं असतं. वहीत तासांचे रकाने आखायचे. त्या तासात काय केलं, कुठे होतो, कुणाबरोबर होतो आणि मन कसं होतं, हे शून्य ते दहा या अंकांत लिहायचं. 'पडून होतो' हीसुद्धा नोंदच. नैराश्यातला माणूस सांगतो, 'दिवसभर सारखंच वाईट वाटतं.' वहीत तसं दिसत नाही. दुपारी पंख्याखाली छताकडे बघत पडलो तेव्हा एक. नातीला शाळेतून आणलं तेव्हा चार. रात्री जेवणानंतर मोबाईल घेऊन दीड तास गेला तेव्हा दोन, आणि नंतर झोप आली नाही. चार म्हणजे काही आनंद नव्हे. पण एक आणि चार यांत अंतर आहे आणि ते अंतर आपल्या करण्याशी बांधलेलं आहे, ही गोष्ट त्या माणसाला स्वतःच्या हस्ताक्षरात दिसते. दुसऱ्या कुणी शंभर वेळा सांगून जे पटत नाही, ते तिथे पटायला लागतं.

मग निवड. कुठल्या गोष्टी करायच्या? इथे तयार यादी वाटायची नसते. 'रोज चाला, योगासनं करा, छंद जोपासा' हा सल्ला दिवाळी अंकातल्या कुठल्याही पानावर मिळतो, त्यात वाईट काही नाही, पण तो कुणाचाच नसतो. विचारायचं असतं ते हे, की हा आजार यायच्या आधी तुम्ही कोण होता आणि त्यातलं काय हरवलं? आपल्या गृहस्थांच्या बाबतीत उत्तर आहे पेटी. पण 'गुरुवारी भजनाला जा' हे पहिलं पाऊल होऊच शकत नाही. ते दहावं किंवा पंधरावं असेल. पहिलं पाऊल असं की बुधवारी सकाळी चहानंतर पेटी कपाटावरून खाली काढायची आणि तिच्यावरची धूळ पुसायची. बस. वाजवायची नाही. वार ठरलेला, वेळ ठरलेली, आणि शक्यतो घरातल्या एकाला ते माहीत असलेलं. पाऊल इतकं लहान हवं, की मन अगदी तळाला असलेल्या दिवशीही ते उचलता यावं.

आणि ते उचलायचं ठरलं म्हणून, वाटलं म्हणून नाही. या उपचाराचा कणा हाच आहे. आपण सगळे असं धरून चालतो, की आधी उमेद येते आणि मग माणूस कामाला लागतो. निरोगी मनात बरेचदा तसं घडतंही. नैराश्यात हा क्रम मोडलेला असतो. उमेदीची वाट पाहणाऱ्याला ती येत नाही. म्हणून क्रम उलटा लावायचा. ठरल्या वेळी ठरलेली कृती करायची आणि मनाला मागून येऊ द्यायचं. खेड्यातली जुनी हापशी आठवा. कोरडी पडलेली हापशी हाणायला घेण्याआधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, आणि तरी पहिले दहा-वीस दांडे नुसती हवाच येते. हे रुग्णाला आधीच सांगून ठेवलं पाहिजे. पहिल्या दोन-तीन वेळा पेटी पुसून काही म्हणजे काही वाटणार नाही. ते अपयश नाही. हे आधी सांगितलं नाही, तर तो माणूस 'बघा, मला कशानंच बरं वाटत नाही' असा पुरावा गोळा करून परत अंथरुणात जातो.

ठरलेलं झालं नाही तर? रागवायचं नाही आणि 'असू दे' म्हणून सोडायचंही नाही. विचारायचं, मध्ये काय आलं? बुधवारी सकाळी मेहुण्याचा फोन आला, नोकरीचा विषय निघाला, त्यानंतर ते खोलीत जाऊन पडले. म्हणजे नोकरीची चौकशी हा काटा, आणि खोलीत जाणं ही त्यावरची ठरलेली वाट. मग त्या वाटेऐवजी दुसरं काय करता येईल, हे उपचार करणाऱ्यानं आणि रुग्णानं मिळून ठरवायचं. फोन संपल्यावर खोलीकडे न वळता गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचं, एवढंही चालेल. न झालेली कृतीसुद्धा माहिती देते.

तेच तेच विचार उगाळत बसणं हाही या उपचाराच्या दृष्टीनं एक प्रकारची कृतीच आहे. 'माझंच असं का झालं?' या प्रश्नाशी वाद घालायचा नाही. विचारायचं, हे किती वाजता सुरू होतं, कुठे बसलेले असता, किती वेळ चालतं, आणि अर्ध्या तासानं त्यातून एखादं पाऊल निघतं का? निघत असेल तर तो विचार, निघत नसेल तर तेही टाळणंच, फक्त डोक्यातल्या डोक्यात. अशा वेळी लक्ष हातांकडे आणायचं. भाजी निवडताना देठ मोडल्याचा आवाज, भांडी घासताना पाण्याचा गारवा. कृतीवरून तिची जात ओळखता येत नाही, हेही इथेच सांगतो. कपाट आवरणं एका दिवशी उत्तम पाऊल असतं, आणि बँकेत जायचं टाळण्यासाठी तेच कपाट तिसऱ्यांदा आवरलं तर ती पळवाट असते. ती कशासाठी केली, हे पाहावं लागतं.

आता 'ऊठ की जरा!' आणि या उपचारातला फरक लक्षात आला असेल. 'ऊठ' म्हणणारा माणूस शेवटची पायरी पहिली म्हणून समोर ठेवतो. टाळण्यामागची वेदना त्याला दिसत नाही, आणि जमलं नाही की त्याचा सूर दोष देणारा होतो. उपचारात कुणीतरी शेजारी बसून, त्या वेदनेला मान देऊन, पायरी लहान करत जातं.

हे शेजारी बसणारं माणूस कोण असावं? माझ्या मते आजच्या विषयाचा सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं फार चांगलं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात मिळालं आहे.

देशाच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य आणि चिंतेसारख्या नेहमी आढळणाऱ्या आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं. मानसोपचारतज्ज्ञ शहरांत एकवटलेले आहेत, ते आपल्या हयातीत प्रत्येक तालुक्याला पुरतील अशी चिन्हं नाहीत. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या 'संगत' या संस्थेनं आणि डॉ. विक्रम पटेल यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकानं हाताळला. त्यांनी वर्तन-सक्रियतेवर आधारलेला एक छोटा उपचार बांधला, हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम. सिएटलच्या प्रयोगातल्या सोना दिमिजियन त्याच्या आखणीत होत्या. तो देणारे होते गोव्यातलेच सामान्य स्त्री-पुरुष. मानसोपचाराची पदवी नाही, पूर्वानुभव नाही. त्यांना प्रशिक्षण दिलं, त्यानंतर काही महिने देखरेखीखाली काम करू दिलं. पुढेही हे समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या बैठकांच्या ध्वनिफिती ऐकत आणि त्यांना गुण देत.

दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण या प्रयोगात आले. निम्म्यांना डॉक्टरांकडून सुधारित नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ बैठका, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटांच्या. गरज पडली तर घरी जाऊन किंवा फोनवर. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते आणि समुपदेशन मिळालेल्यांत ६४ टक्के. आत्महत्येचे विचार कमी झाले, कामावर न जाता गेलेले दिवस कमी झाले. हा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. या सुधारणेचा बराचसा भाग सक्रियता वाढल्यामुळे आला, हेही पुढच्या विश्लेषणात दिसलं. म्हणजे नुसतं आपुलकीनं कुणी बोललं एवढ्यानं हे झालेलं नाही.

महाराष्ट्रातही पाऊलवाटा पडलेल्या आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रानं 'आत्मीयता' हा उपक्रम केला. गावातलीच विश्वासाची माणसं निवडून, त्यांना वर्तन-सक्रियता आणि अडचणी सोडवण्याची पद्धत शिकवून, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी चार ते सहा भेटींचं समुपदेशन त्यांच्याकडून करवलं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' या उपक्रमानं नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेलं, तेही दीड वर्षात.

अमरावतीचं नाव घेतल्यावर एक गोष्ट बोललीच पाहिजे. वहीत रकाने आखून कर्ज फिटत नाही. बोंडअळीनं गेलेला कापूस, सावकार, दारू पिऊन मारणारा नवरा हे मनाचे आजार नाहीत. त्यांना शासनाचं, कायद्याचं आणि समाजाचं उत्तर लागतं. नैराश्यावर उपचार करणाऱ्यानं हे विसरलं, तर तो अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवणारा माणूस होतो. म्हणून गोव्याच्या उपचारात अडचणी सोडवण्याचा भाग होता, आणि आत्मीयतेतली माणसं लोकांना सरकारी योजनांपर्यंतही नेत. तलाठ्याकडे कागद घेऊन जाणं हीसुद्धा सक्रियताच आहे, आणि दोन महिने अंथरुणात असलेल्या शेतकऱ्याला त्यासाठी बरोबर चालणारं माणूस लागतं.

मर्यादाही स्पष्ट सांगतो. खाणं-पिणं सुटलेला, भास होत असलेला, किंवा अधूनमधून अतिउत्साहाचे झटके येणारा रुग्ण असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. थायरॉइडसारखे शरीराचे आजारही नैराश्यासारखे दिसतात, त्यांची तपासणी हवी. चालू असलेली औषधं स्वतःच्या मनानं बंद करू नयेत. वर्तन-सक्रियता औषधांबरोबर उत्तम चालते. आणि कुणी जगण्यात अर्थ नाही असं बोललं, तर ते बोलणं झटकून न टाकता थेट विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येतं, नंबर आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.

आता मागणीचं बोलतो. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना हाच उपचार मोबाईलवरच्या अभ्यासक्रमातून शिकवण्याचं काम 'संगत'नं केलं आहे. आरोग्य उपकेंद्रांच्या सेवांमध्ये मानसिक आजारांची प्राथमिक तपासणी कागदोपत्री समाविष्ट आहे. आपल्या राज्यात आशा गावोगावी आहेत, त्या घराघरांत ओळखीच्या आहेत. मग अडतं कुठे? दोन ठिकाणी. आशांच्या खांद्यावर आधीच लसीकरणापासून कुष्ठरोगाच्या पाहणीपर्यंत सगळं आहे, आणि त्यांना पगार नाही, मानधन आहे. एका रुग्णाबरोबर आठ बैठका म्हणजे चार-पाच तासांचं जबाबदारीचं काम. त्याचा मोबदला ठरवल्याशिवाय ते त्यांच्यावर टाकू नये. दुसरी गोष्ट देखरेखीची. गोव्यात हा उपचार चालला तो समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांचं काम तपासत होते म्हणून. आपल्याकडे प्रशिक्षणाला पैसे मंजूर होतात, शिबिर होतं, प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि नंतरच्या आठवड्यांसाठी तरतूद नसते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक तालुक्यासाठी अशा देखरेखीच्या बैठकांचा स्वतंत्र खर्च धरावा, आणि आठ बैठका पूर्ण करणाऱ्या आशा कार्यकर्तीला प्रत्येक रुग्णामागे मोबदला मिळावा, असं निवेदन आपल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचं मी ठरवलं आहे. मसुदा सभागृहाबाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. वाचा, त्यात दुरुस्त्या सुचवा, आणि पटलं तर सही करून जा.